जमाखर्च जुळतो, तरी झोप लागत नाही

या प्रकरणाची सुरुवात साडेआठशे रुपयांच्या एका पत्रकापासून झाली. सातवीतल्या मुलीच्या दप्तरात, कंपासपेटीखाली घडी घालून ठेवलेलं शाळेच्या सहलीचं पत्रक आईला सापडलं. पैसे भरायची तारीख उलटून आठवडा झाला होता. "दाखवलं का नाहीस?" असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "तू मग टेन्शन घेतेस ना, मम्मी. आणि मला तसंही जायचं नव्हतं."

घरात खरोखर ओढाताण असती तर आईला वाईट वाटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण ओढाताण नव्हती. त्या महिन्याच्या वहीत 'मुलांची हौस' या सदरात दोन हजार रुपये न वापरता पडून होते.

मी नाशिकमध्ये पगारदारांची प्राप्तिकर विवरणपत्रं भरून देतो आणि कुणी म्हटलं तर घरखर्चाची घडी बसवून देतो. माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, 'पैसा कुठे जातो कळत नाही.' त्या मुलीची आई, म्हणजे या ताई, फेब्रुवारी २०२५ मध्ये आल्या त्या नेमकी उलटी तक्रार घेऊन. "काका, पैसा कुठे जातो ते मला पै-पैशानिशी माहीत आहे. तरी धडधड थांबत नाही." त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत आणि आकडे जरा गोल केलेत. लिहायला दोघा नवराबायकोची परवानगी आहे.

घर आणि वही

ताई ३७ वर्षांच्या, खाजगी शाळेत शिक्षिका, हातात २४,००० येतात. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गुणवत्ता विभागात, हातात ६८,०००. पाथर्डी फाट्याच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट, त्याचा हप्ता २०,८००. दोन मुलं, ७१ वर्षांच्या सासूबाई. शाळेची फी महिन्याच्या हिशेबानं ९,०००, किराणा ११,०००, दूध-भाजी साडेसहा, वीज-गॅस-फोन-सोसायटी मिळून ६,२००, पेट्रोल साडेचार, सासूबाईंची औषधं साडेतीन, विम्यासाठी बाजूला ४,०००. हे झाले अत्यावश्यक ६५,५००. त्याशिवाय एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, १०,०००, बँकेतली रेकरिंग ठेव ५,०००, सणवार-आहेर-लग्नकार्यासाठी ५,०००, किरकोळ आणि हौस साडेचार. महिनाअखेर दोन हजार उरतात. गाठीला ४ लाख २० हजार. क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य, हातउसने शून्य.

माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांत असा जमाखर्च एखाद्याचाच असतो. मी तसं म्हणालोही, आणि तीच माझी पहिली चूक. 'तुमचं तर उत्तम चाललंय' हे वाक्य त्यांनी नवऱ्याकडून, बहिणीकडून आणि शाळेतल्या मैत्रिणींकडून ऐकलेलंच होतं. प्रत्येक वेळी अर्धा तास बरं वाटायचं. मग पुन्हा फोन हातात घेऊन खात्यात किती आहेत ते बघणं सुरू.

मी त्यांना एक आठवडा फक्त मोजायला सांगितलं. जेवढ्या वेळा बँकेचं ॲप उघडाल तेवढ्या दांड्या कागदावर. पुढच्या सोमवारी त्या शाळेच्या पाठकोऱ्या कागदावर पाच-पाचांचे गठ्ठे मारून घेऊन आल्या. दांड्या होत्या ९४. त्यातल्या अकरा रात्री दोन ते चारच्या मधल्या. नवरा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "काका, नाशिकरोडच्या प्रेसमधला सगळा माल घरी आणून ओतला तरी ही आधी मोजायला बसेल." ताई हसल्या. मला मात्र नंतर वाटलं की बोलला ते शब्दशः खरं होतं. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. त्यांच्या संख्येनं कुणाची काळजी मिटायची असती तर ती या शहरात आधी मिटली असती.

मी काय बिघडवलं

दुसरी चूक मोठी. मी हिशेबी माणूस, त्यामुळे हिशेब आणखी बारीक करायला सांगितला. सदरं १२ ची २६ केली. खर्च झाला की लगेच नोंद होईल असं एक ॲप फोनवर घ्यायला लावलं. गाठीची रक्कम पाच लाखांवर न्या म्हणजे निर्धास्त व्हाल, असंही सांगितलं.

दोन महिन्यांत ताईंचं वजन तीन किलोनं उतरलं. कोथिंबिरीची जुडी दहाला घेतली की फोन टिणकन वाजायचा, 'भाजी : महिन्याच्या मर्यादेच्या ६१ टक्के'. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर उभं राहून त्या पालकाची जुडी परत ठेवायच्या, पुढे जायच्या आणि पुन्हा मागे यायच्या. आणि पाच लाखांचं लक्ष्य? "दोन लाख होते तेव्हा तीन झाले की झोपेन म्हणायचे. तीन झाले तर चार. आता तुम्ही पाच म्हणता, पण मला माहितेय काका, पाच झाले की मी सात म्हणेन." हे त्यांनीच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

मग मी माझ्या ओळखीच्या एका समुपदेशक बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. काळजी वाटली की बघायचं, बघितलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बघितल्यामुळेच संकट टळलं. म्हणजे मी दिलेलं ॲप त्या बघण्यालाच खतपाणी घालत होतं. त्यांनी आणखी एक बजावलं. अशी काळजी बहुतेक दिवस, सहा महिने किंवा जास्त, आवरता न येणारी असेल आणि झोप उडणं, चिडचिड, थकवा असा त्रास होत असेल, तर डॉक्टरांनी एकदा तपासलेलं बरं. (टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हे मी आता माझ्या टेबलावरच लिहून ठेवलंय.) ताईंना त्यांनी दोनदा भेटायला बोलावलं. मी ॲप काढायला लावलं आणि सदरं पुन्हा १२ केली.

माहेरची वही

समुपदेशक बाईंनी विचारलेला एक प्रश्न ताईंच्या मनात राहिला होता. 'तुमच्या लहानपणी घरात हिशेब कोण लिहायचं?' मे महिन्यात त्या निफाड तालुक्यातल्या माहेरी गेल्या आणि येताना वडिलांची एक वही घेऊन आल्या. लाल कापडी बांधणीची, लांबोळकी, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. वर्ष २००९-१०.

त्या वर्षीच्या द्राक्षांचं काय झालं हे जिल्ह्यातल्या जुन्या बागाईतदारांना सांगावं लागत नाही. आधी नोव्हेंबरात 'फयान' वादळाचा पाऊस. त्यातून वाचलेला माल निर्यातीला गेला, आणि २०१० च्या उन्हाळ्यात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. कंटेनर अडकले, भाव पडले, आणि त्याची झळ मागे मागे सरकत बांधावर पोचली.

ताईंच्या वडिलांची दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. १६ टन माल, किलोला ४० रुपये ठरलेले, म्हणजे ६ लाख ४० हजार. व्यापाऱ्यानं लाखभर इसार दिला, माल उचलला, पुढे तुकड्या-तुकड्यांत ९० हजार दिले. उरलेले साडेचार लाख आलेच नाहीत. ताई तेव्हा २२ वर्षांच्या. मे महिन्यात त्यांचं लग्न धरलेलं, मंगल कार्यालयाला पैसे भरलेले.

माझ्या टेबलावर ती वही उघडून आम्ही दोघं दुपारभर बसलो. मी बेरजा तपासल्या. सवयच आहे. एकही चूक नाही. औषधवाल्याचं देणं, मजुरी, खोक्यांचे पैसे, पेपरचं बंडलसुद्धा. इतकी टापटिपीची वही मी शेतकऱ्याकडेच काय, दुकानदाराकडेही क्वचित पाहिलीय. ताई म्हणाल्या, "आई रोज रात्री विचारायची, अहो, जमेल ना सगळं? आणि अण्णा वही दाखवायचे. हे बघ, सव्वा लाख शिल्लक राहतंय. आम्ही सगळे त्या सव्वा लाखाच्या भरवशावर झोपायचो."

इथे मला कळलं की त्यांची वही त्यांना धीर का देत नव्हती. त्यांच्या अनुभवात वही बरोबर असणं ही संकटाच्या आधीची खूण होती. जितकी बेरीज चोख, तितकी पोटात कालवाकालव. आम्ही सगळे त्यांना पुन्हा पुन्हा तीच गोष्ट दाखवत होतो जिच्यावरचा त्यांचा विश्वास २०१० मध्ये उडाला होता.

तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी ऊस तुटण्याआधी हाताची तंगी असताना घेतली, आणि ऊस तुटून पैसे आल्यावर पुन्हा घेतली. आधीच्या चाचणीत ते सरासरीनं मागे पडले. माणूस तेच, महिना वेगळा. मला तो अभ्यास वाचताना या ताई आठवतात. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, पण मन अजून काढणीच्या आधीच्या महिन्यातच मुक्कामाला.

पण वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती ताईंनी शोधली, मी नाही. वडिलांनी ६ लाख ४० हजार कुठे लिहिले होते? जमेच्या बाजूला, इसाराच्या खाली. ते होतं येणं, धरलं होतं जमा. त्यांनी पेन्सिलनं त्या आकड्याभोवती गोल केला आणि मग स्वतःची वही शेजारी उघडली. बराच वेळ पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या वहीत येणं नाहीये, काका. जे आलंय तेच लिहिलंय." बस, एवढंच. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. चहा सांगितला.

मागचं पान

पुढच्या भेटीला ताईंचे वडीलही आले. दातांच्या कामासाठी नाशिकला आले होते, लेकीनं सोबत आणलं. पंच्याहत्तरीचे, टोपी, कडक आवाज. वही बघून म्हणाले, "हे पुढचं काय बघत बसलात? मागचं पान काढा." मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या पानावर, एप्रिल २०१० च्या तारखेखाली, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं :

'सोसायटीचं नवं-जुनं (जुनं पीककर्ज फेडून नवं घेणं). औषधवाल्याला निम्मे, निम्मे दिवाळीला. मोठी गाय विकणे. विहिरीचं काम बंद. वरच्या तुकड्यात टमाटे. लग्न पुढच्या साली, पाहुण्यांना स्वतः जाऊन सांगणे.'

"ह्यातलं काय काय झालं, अण्णा?"

"गाय सोडून सगळं. गाय तुझ्या आईनं विकू दिली नाही."

ताईंच्या आठवणीत त्या वर्षाचं फक्त पुढचं पान होतं. मागच्या पानावर जे लिहिलंय ते त्या जगल्या होत्या, पुढच्या वर्षी त्याच मुलाशी त्यांचं लग्नही झालं होतं, पण ते सगळं काळजीच्या हिशेबात कधी धरलंच गेलं नव्हतं.

मग मी पुन्हा हिशेबाकडे वळलो, पण प्रश्न बदलून. 'पैसे पुरतील का' हा सोडला. 'नवऱ्याचा पगार उद्या बंद झाला तर पहिल्या आठवड्यात कोण काय करणार' हा घेतला. नवराबायकोनं मिळून त्यांच्या वहीचं मागचं पान लिहिलं. एसआयपी त्याच दिवशी थांबवायची. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जायचं, चुकल्यावर नाही. ताईंनी संध्याकाळी गणिताच्या दोन बॅच घ्यायच्या. फी हप्त्यांत मागायची. कुठली ठेव आधी मोडायची, कुठली शेवटी. शेवटचा मुद्दा नवऱ्यानं घातला, 'सासऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगायचं, लपवायचं नाही'.

हे लिहिताना दोन खरी भोकं सापडली, आणि गंमत अशी की ताईंना त्या दोन्हींची अजिबात काळजी नव्हती. एक, गाठीचे पैसे 'सुरक्षित राहावेत' म्हणून तीन ठिकाणी विभागले होते, त्यातले लाखभर अण्णांच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी ती मर्यादा एक लाख होती. पतसंस्थांना हा विमा नाही. म्हणजे विभागणीची गरजच नव्हती, आणि केली ती उलट्या दिशेनं. मुदत संपल्यावर ती रक्कम बँकेत आली. ठिकाणं तीनची दोन झाली, तसं तपासणंही कमी झालं. दोन, सासूबाईंचा आरोग्यविमा नुसता कंपनीचा होता. नोकरी गेली की तो त्याच महिन्यात जाणार. सुदैवानं त्या सत्तरीच्या पुढच्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. कार्ड काढायला आधार लागलं आणि एक सकाळ गेली. काळजी करणारं माणूस काळजीच्या जागी काळजी करतंच असं नाही. कोथिंबिरीवर नजर, आणि विम्याकडे पाठ.

आषाढातली तालीम

जुलैमध्ये एक महिना मागच्या पानाप्रमाणे जगून बघायचं ठरलं. आषाढ, सणवार नाहीत, लग्नं नाहीत. एसआयपी बंद न करता ते पैसे फक्त मोजणीतून बाहेर ठेवले. नवरा सहकाऱ्याच्या गाडीवर जाऊ लागला. किराण्याची यादी सासूबाईंनी केली, त्यांना हे काम आवडलं. धाकट्यानं तिसऱ्या दिवशी विचारलंच, "पप्पांची नोकरी गेली का?" नाही गेली, पण गेली तर आपल्याला जमतं का ते बघतोय, असं त्याला सरळ सांगितलं. त्यानं शाळेत जाऊन दुसरीच कथा केली, आणि वर्गशिक्षिकेचा सांत्वनाचा फोन आला. ते निस्तरायला दोन दिवस गेले.

महिनाअखेर अत्यावश्यक खर्च ६५,५०० वरून ५८,९०० वर आला. किराण्यात २,७००, पेट्रोलमध्ये १,६००, दूध-भाजीत १,४००, विजेबिजेत ९०० कमी. ताईंचे २४,००० धरले की गाठीतून महिन्याला ३४,९०० काढावे लागतील. ४ लाख २० हजार भागिले ३४,९००.

भागाकार त्यांनीच केला, कागदावर, शाळेत शिकवतात तसा पायरीपायरीनं. उत्तर बारा आलं आणि थोडी बाकी. "बारा महिने," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक हंगाम." मग हलक्या आवाजात, "एक हंगाम बुडाला तर कसं जगायचं ते आम्हाला येतं."

'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' हा सल्ला मी शेकडो लोकांना दिलाय. ४ लाख २० हजार म्हणजे सहा-साडेसहा महिने, हेही त्यांना मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ते त्यांच्या डोक्यावरून गेलं, कारण पगारदार माणसाचं माप मी त्यांना लावत होतो. त्यांचं माप द्राक्षबागेची छाटणी ते काढणी, आणि काढणी ते पुढची छाटणी.

सोबत समुपदेशक बाईंचा उपाय चालू होताच, काळजीची वेळ ठरवून ठेवण्याचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तो मांडला. दिवसभरात आलेली काळजी तिथल्या तिथे करायची नाही. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास फक्त काळजीच करायची. ताईंची जागा गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची, वेळ साडेसहा ते सात. पहिले पंधरा दिवस त्यांना हा पोरखेळ वाटला. मलाही वाटला होता. नंतर त्या सांगू लागल्या की सातपर्यंत बसायला विषय पुरत नाहीत.

आज काय आहे

सगळं सुरळीत झालंय असं नाही. महिन्याच्या २८ तारखेपासून पगार जमा होईपर्यंत ताईंचा हात अजून फोनकडे जातो. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, तीनदा मिळून एक टक्क्यानं खाली आला, तरी हप्ता २०,८०० च राहिला, तेव्हा 'बँक फसवतेय' म्हणून पुन्हा दोन रात्री जागून काढल्या. हप्ता तोच ठेवून बँकेनं मुदत कमी केलीय, हे पत्रक दाखवल्यावर पटलं. नवऱ्याचा मुदत विमा वाढवायचा राहिलाय. तो टाळतोय, त्याला त्या विषयाचीच भीती वाटते. बायकोची काळजी कमी झाल्यापासून घरातला न बोलणारा काळजीवाला कोण होता ते आता दिसायला लागलंय, पण ते वेगळं प्रकरण.

डिसेंबरात पुन्हा एक आठवडा दांड्या मारायला सांगितल्या. १७ झाल्या. रात्रीच्या दोन.

त्याच महिन्यात मुलीनं बॅडमिंटनची रॅकेट मागितली, बाराशेची. मागितली, आणि लगेच म्हणाली, "वाढदिवसाला दिली तरी चालेल." ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा 'मागितली' या शब्दावर थांबल्या.

जानेवारीच्या भेटीत मी सवयीनं विचारलं, "डिसेंबरचा ताळा जुळला का?"

"केलाच नाही अजून," ताई म्हणाल्या. "रविवारी बसते." आणि पर्समध्ये हात घालून फोन बाहेर काढला, पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि तसाच पालथा ठेवला.